वाघाटीला बांध द्या

(टेंभुर्णी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण इथं जमतो, ते मुलांना घेऊन शिवारात हिंडायचे आणि पान हातात देऊन झाडाचं नाव विचारायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्यांच्या नावाने बोलायचं तर विषय शिवारातलाच हवा. म्हणून आज मी वाघाटीवर बोलणार आहे.

वाघाटी म्हणजे काय, हे समोर बसलेल्या आयाबहिणींना सांगायला नको. आषाढी एकादशीचा निरंकार उपास, दुसऱ्या दिवशी बारस सोडायची आणि त्या ताटात वाघाट्याची भाजी. कुणी तिला वाघाटं म्हणतं, कुणी वाघेटी, कुणी गोविंदफळ. पंढरपूर इथून तासाभराच्या वाटेवर. त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी करमाळ्याकडून करकंबमार्गे आपल्याच मुलखातून पंढरीला जाते. त्यामुळे या भागात आषाढीचा सण घरातलाच आहे, आणि सणाचं जेवण कसं असावं हे इथल्या घरांना कुणी शिकवावं लागत नाही. पुण्याच्या, सोलापूरच्या मंडईत एकादशीच्या तोंडावर वाघाटी दिसू लागते, पाटीभोवती गर्दी होते, भाव चढतो आणि द्वादशीच्या सकाळी सगळं संपतं. पुढचं वर्षभर तिची आठवण कुणाला होत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. वाघाटी आपल्या ताटात राहिली आहे आणि बांधावरून चालली आहे. आपण ती श्रद्धेने खातो, पण लावत नाही. शिवाय आपण ती ज्या वेळी आणि ज्या पद्धतीने तोडतो, त्यात तिला बी धरायला सवडच मिळत नाही. ताटातली परंपरा टिकवायची असेल तर वेल लावण्याचं काम आता माणसानेच अंगावर घेतलं पाहिजे.

आधी वेलीची नीट ओळख करून घेऊ. इथे बसलेल्या तरुणांपैकी पुष्कळांनी वाघाट्याची भाजी खाल्ली असेल आणि वेल पाहिली नसेल. वनस्पतिशास्त्रात तिला कॅपॅरिस झेलॅनिका म्हणतात. लिनिअसने अठराव्या शतकात सिलोनच्या नावावरून तिचं हे नामकरण केलं, पण ती सिलोनपुरती नाही. भारतभर आणि पुढे आग्नेय आशियातही ती सापडते. आपल्याकडे कोरड्या मुलखात, ओढ्याच्या काठाला, गावाबाहेरच्या जुन्या देवळामागे, हिवराच्या किंवा बाभळीच्या आधाराने ती वाढते. आधार मिळाला तर वेल, नाही मिळाला तर पसरलेलं झुडूप. तिला काकडी-दोडक्यासारखे तणावे नसतात. ती चढते काट्यांवर. प्रत्येक पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी असते आणि दोन्ही काटे मागे वळलेले, वाघनखांसारखे. हात आत घालताना काही कळत नाही. बाहेर काढायला जावं तेव्हा सदरा, कातडी सगळं धरून ठेवते. त्याच काट्यांनी ती झाडाच्या फांदीला अडकत अडकत शेंड्यापर्यंत पोचते. कोवळ्या फुटीवर तांबूस लव असते. पान जाड, चिवट, आणि टोकाला बारीकसा काटा.

माघ-फाल्गुनात ती फुलते. ते फूल जवळून पाहावं असं मी प्रत्येकाला सांगतो. फांदीवर, पानाच्या काखेच्या वर, एकाखाली एक अशा ओळीने कळ्या लागतात. चार पांढऱ्या पाकळ्या. वरच्या दोन पाकळ्यांच्या बुडाशी आधी पिवळा डाग असतो, मग तो गुलाबी-जांभळट होत जातो. त्यामुळे एकाच फांदीवर ताजी फुलं आणि उतरत्या वयाची फुलं वेगळी ओळखू येतात. मधून पांढऱ्या लांब पुंकेसरांचा झुबका बाहेर येतो. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे किंजपुट, ज्याचं पुढे फळ होतं, ते पाकळ्यांच्या बुडाशी बसलेलं नसतं. एका लांब दांडीवर उचलून ते फुलाच्या बाहेर धरलेलं असतं. फळ धरलं की ही दांडी जाड होते. म्हणून मंडईतलं वाघाटं हातात घेऊन पाहा. त्याच्या देठावर मध्येच एक सांधा दिसेल. सांध्याच्या एका बाजूचा देठ फुलाचा, दुसऱ्या बाजूचा किंजपुटाचा, आणि पाकळ्या गळून पडल्या त्या या सांध्यावरून.

या देठाचं एवढं कौतुक सांगतो, त्याला कारण आहे. बांधावर दुसरीही एक वेल असते, कवंडळ. तिचंही कच्चं फळ गोल, हिरवं आणि पिकल्यावर लालभडक. कवंडळ विषारी आहे. पण कवंडळाला काटे नसतात, तणावे असतात; वाघाटीला तणावे नसतात, काटे असतात. ज्याने वेल पाहिली आहे त्याचा घोटाळा होणार नाही. नुसतं फळ ओळखणाऱ्याचा होऊ शकतो. वेल शिवारातून गेली की तिची ओळखही जाते आणि मग मंडईतल्या पाटीवर विश्वास ठेवण्यापलीकडे आपल्या हातात काही उरत नाही.

वाघाटीचं गोत मोठं आहे. आपल्या मुलखातली नेपती तिचीच बहीण. राजस्थानात नेपतीला केर म्हणतात. मारवाडातल्या बायका कोवळी केर मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवून तिचा कडूपणा काढतात, वाळवतात आणि वर्षभर वापरतात. केर-सांगरीची भाजी तिथे लग्नाच्या पंगतीत मानाने वाढतात. तिकडे लडाखच्या उघड्या डोंगरांवर याच कुळातली एक जात जमिनीसरशी पसरते, तिथे तिचा कोवळा पाला भाजीसाठी खुडतात. भूमध्य समुद्राच्या काठावरचे लोक त्याच जातीच्या न उमललेल्या कळ्या मिठात घालतात. त्याला केपर म्हणतात. सिसिलीच्या दक्षिणेला पँटेलेरिया नावाचं एक बेट आहे, ज्वालामुखीच्या दगडाचं, पाण्याची बोंब असलेलं. तिथल्या शेतकऱ्यांनी ही काटक झुडपं दगडी पायऱ्यांवर लावून, कळी-कळी हाताने खुडून, तिचा असा लौकिक केला की युरोपात तिथल्या केपरला भौगोलिक मानांकन आहे. पाणी कमी, जमीन खडकाळ, झाड काटेरी. या तिन्ही गोष्टी माढा-करमाळ्याला नव्या नाहीत.

दुसरं उदाहरण मला रानगुलाबाचं द्यायचं आहे. आपण गुलाब ओळखतो तो हाराचा आणि गुलकंदाचा. गुलाबाला फळ धरतं हे आपल्याकडे फारसं कुणी पाहत नाही, कारण फूल सुकलं की आपण ते छाटून टाकतो आणि भरगच्च पाकळ्यांच्या बागायती जातींना फळ धरतंही कमीच. पण रानगुलाब वेगळा. हिमालयात पांढऱ्या फुलांचा रानगुलाब काट्यांच्या आधाराने मोठ्या झाडांवर चढतो, अगदी वाघाटीच्या रीतीने, आणि हिवाळ्याच्या तोंडाशी त्याला लाल फळांचे घोस येतात. इंग्लंडात रानगुलाब शेतांच्या कुंपणात वाढतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांमुळे तिथे संत्र्या-मोसंब्यांची जहाजं पोचेनात. मुलांना क जीवनसत्त्व द्यायचं कशातून, असा प्रश्न उभा राहिला. रानगुलाबाच्या फळात ते भरपूर असतं. तेव्हा १९४१ पासून सरकारने गावोगावची शाळकरी मुलं आणि बायाबापड्या यांच्याकडून कुंपणातली फळं गोळा करवली, त्यांचं सरबत कारखान्यात तयार करवलं आणि लहान मुलांना चमच्याने पाजलं. त्या फळाच्या आत, बियांभोवती बारीक केस असतात. ते घशाला, आतड्याला खाजतात. म्हणून फळं कुटून, उकळून, कापडातून पुन्हा पुन्हा गाळून घ्यावी लागत. वाघाटीचं बी काढून टाकण्याची जी खबरदारी आपल्या आज्या घेत आल्या, तीच खबरदारी तिथल्या आज्यांनी रानगुलाबाबाबत घेतली. रानातल्या अन्नाला असं ज्ञान जोडलेलं असतं, आणि ते ज्ञान स्वयंपाकघरात राहतं.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. युद्धाच्या वेळी ही फळं मिळाली, कारण कुंपणं होती. पिढ्यान्‌पिढ्या लावलेली, राखलेली जिवंत कुंपणं. युद्ध संपलं, मोठी यंत्रं आली, शेतं सलग करायची म्हणून त्याच इंग्लंडात ही कुंपणं मैलोन्‌मैल उपटली गेली. पुढे चूक उमगली. १९९७ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये नियम आला की शेताचं महत्त्वाचं जुनं कुंपण परवानगीशिवाय काढता येणार नाही. आता तिथे कुंपण लावणाऱ्या, राखणाऱ्या शेतकऱ्याला सरकार पैसे देतं. उपटायला काही वर्षं लागली. परत उभं करायला किती लागतील, याचा अंदाज शेतकऱ्यालाच बरा येईल.

आता आपल्या बांधाकडे या.

उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं. भीमेचं पाणी अडलं आणि टेंभुर्णीच्या आजूबाजूचं शिवार बदललं. ज्वारीच्या रानात ऊस आला, केळी आली, साखर कारखाने आले, औद्योगिक वसाहत आली. ज्या तालुक्यांत पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात आणि तोही बेभरवशाचा, तिथं हे पाणी म्हणजे काय, हे १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या माणसाला विचारावं. त्या पाण्याला नावं ठेवायला मी उभा नाही. पण पाण्याबरोबर जमिनीची किंमत वाढली आणि किंमत वाढली तसा बांध आखडला. पूर्वी बांध चांगला हातभर रुंद आणि कमरेएवढा उंच असायचा. त्यावर बोर, हिवर, तरवड, करवंद, घायपात आणि त्यांच्यावर चढलेली वाघाटी. आता ट्रॅक्टर बांधाच्या कडेने जातो आणि दरवर्षी वीतभर खातो. जेसीबी एका दुपारी शंभर वर्षांचा बांध सपाट करतो. जे उरतं त्यावर तणनाशक. रस्ते रुंद झाले, त्यात कडेची झाडं गेली आणि झाडांवर चढलेल्या वेली मोजायला तर कुणी आलंच नाही. झाड तोडलं तर निदान नोंद होते. वेलीची नोंद होत नाही.

यात आणखी एक अडचण आहे, आणि ती आपल्याच भक्तीतून आली आहे. हे बोलताना मी वारीचा किंवा व्रताचा अनादर करत नाही. वेलीचं वर्ष सूर्यावर चालतं. माघ-फाल्गुनात फुलायचं, उन्हाळ्यात फळ धरायचं, पावसाच्या तोंडाशी ते भरायचं, आणि श्रावण-भाद्रपदात लाल होऊन पिकायचं. आपली एकादशी चंद्रावर चालते आणि अधिक महिन्याने मागे-पुढे होते. २०२३ साली आषाढी २९ जूनला होती, २०२४ ला १७ जुलैला, २०२५ ला ६ जुलैला, आणि २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैवर गेली. लवकर आली तर फळ अजून लहान. उशिरा आली तर आतलं बी टणक व्हायला लागलेलं. पण लवकर येवो की उशिरा, सगळी मागणी त्या दोन-तीन दिवसांत एकवटते आणि सगळी तोडणी हिरव्या फळाची होते. भाव चांगला मिळतो म्हणून तोडणारा वेलीवर एकही फळ ठेवत नाही. त्याचा त्यात दोष नाही. रानात राबणाऱ्या, बहुधा भूमिहीन असलेल्या त्या माणसाला वर्षातून दोनच दिवस त्या काट्यांचा मोबदला मिळतो. पण परिणाम असा की फळ लाल होतच नाही. लाल झालं नाही तर पाखरं ते फोडत नाहीत. पाखरांनी फोडलं नाही तर बी दुसऱ्या बांधावर जात नाही. जुनी वेल आहे तिथं आहे, तोवर आहे. ती गेली की त्या जागी दुसरी येत नाही.

आणि वेलीवर माणसाखेरीज आणखी कुणाकुणाची घरं चालतात. पायोनियर, कॉमन गल, व्हाइट ऑरेंज टिप ही पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांची नावं झाली. त्यांच्या अळ्या वाघाटीच्या आणि तिच्या कुळातल्या झुडपांच्या पानांवर वाढतात. वाघाटीच्या कुळात मोहरीसारखा तिखट द्रव्यांचा साठा असतो, ज्याच्यामुळे इतर किडे लांब राहतात. या अळ्यांना मात्र तो पचतो. फाल्गुनात वेलीजवळ उभं राहिलं तर फुलांवर मधमाश्यांची ये-जा दिसते, आणि मधमाश्या येणं म्हणजे डाळिंबवाल्याच्या, सूर्यफूलवाल्याच्या फायद्याची गोष्ट.

आता लावायची कशी ते सांगतो. हे सांगण्यासाठीच खरं तर मी आलो आहे, म्हणून इथं जरा वेळ घेतो.

पहिली गोष्ट, बी. मंडईतल्या हिरव्या वाघाट्याचं बी पेरून उपयोग नाही, ते कच्चं असतं. वेलीवर पिकलेलं, लाल झालेलं फळ लागतं. ज्याच्या बांधावर वेल आहे त्याने आषाढीला तोडणी करताना चार-सहा फळं जाणून-बुजून उंचावर ठेवावीत. ती लाल झाली की पाखरांच्या आधी उतरवावीत. एक-दोन पाखरांनाही राहू द्यावीत. फळ फोडलं की आत पांढरट गर आणि त्यात भरपूर बिया. गर राखेत किंवा वाळूत चोळून धुवून काढावा, म्हणजे बियांना बुरशी लागत नाही. बी सावलीत सुकवावं आणि ताजं असतानाच पेरावं. वर्षभर डब्यात ठेवून पुढच्या जूनमध्ये पेरू, असं म्हणू नका. या कुळाचं बी उगवायला मुळात आळशी. काही लवकर वर येईल, काहीला फार वेळ लागेल, काही येणारच नाही. म्हणून रोपाच्या पिशवीत बी सढळ हाताने टाकायचं आणि ती पिशवी लवकर फेकायची नाही.

पिशवी उंच घ्या. कोरड्या रानातल्या झाडाचं सोटमूळ आधी खाली जातं; उथळ पिशवीत ते वळतं आणि वळलेलं मूळ पुढे जमिनीत नीट उतरत नाही. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत, पाणी बेताचं. पाणी साचलं तर रोप कुजेल. फांदीची कलमंही काही जण करतात, पण ती हमखास लागतील असा भरवसा नको. बियांवर भर द्या.

लावणी पुढच्या पावसाळ्यात, पहिला चांगला पाऊस झाला की. जागा निवडताना दोन गोष्टी पाहा. एक, आधार. हिवर, बाभूळ, बोर, कडुनिंब यांपैकी एखादं झाड किंवा तारेचं जुनं कुंपण. फळझाडावर चढवू नका, काट्यांमुळे त्या झाडाची तोडणी अवघड होईल. दोन, वाट. जिथून रोज माणसं आणि जनावरं जातात तिथं लावू नका. शेताच्या मागच्या अंगाला, ओढ्याच्या बाजूला, जिथून जनावर आत शिरतं तिथं लावा. ती वेल राखणही करेल. दोन फुटांचा खड्डा, त्यात शेणखत आणि पोयटा, भोवती आळं. पहिले दोन उन्हाळे अधूनमधून पाणी द्यायला लागतं आणि शेळ्यांपासून जपावं लागतं, कारण कोवळ्या फुटीचे काटे अजून मऊ असतात. नंतर तिला आपली फारशी गरज राहत नाही. पहिली काही वर्षं ती सावकाश वाढते. उसाच्या हिशोबाने तिच्याकडे पाहू नका. आंब्याच्या हिशोबाने पाहा.

छाटणी करायची तर फळं उतरल्यावर, पावसाळ्यात. पौष-माघात कोयता लावू नका. कळ्या फांदीवरच ओळीने लागतात, त्या वेळी फांदी कापली की त्या वर्षाचं फळ गेलं. आणि पानं कुरतडलेली दिसली म्हणून फवारा मारू नका. त्या अळ्यांची फुलपाखरं होतात आणि वेल पुन्हा फुटते.

आता स्वयंपाकघर. इथं मी बायकांना शिकवणार नाही, त्यांच्याकडून शिकलेलंच सांगतो, तेही पुढच्या पिढीसाठी. वाघाटं कच्चं खायचं नाही. हाताला आधी तेल लावायचं. फळाचे दोन भाग करायचे आणि चमच्याच्या मागच्या टोकाने बिया आणि आतला गर पूर्ण काढून टाकायचा. बी राहिलं तर भाजी कडू होते आणि पोटाला बाधते. चिरताना मोहरी वाटल्यासारखा उग्र वास येतो, तो या कुळाच्या तिखट द्रव्यांचा. साली मीठ-हळदीच्या पाण्यात उकडायच्या, ते पाणी टाकून द्यायचं, फोडी हलक्या हाताने पिळायच्या. मग मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, चिंचेचा कोळ, गूळ आणि शेंगदाण्याचं कूट. एकादशीपासून चातुर्मास लागतो, त्यामुळे त्या दिवशी कांदा-लसूण नाही, आणि खरं सांगायचं तर या भाजीला तो लागतही नाही. कडवट, आंबट, गोड आणि कुटाचा खमंगपणा असं सगळं एका घासात येतं. दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटाला ती तोंडाची चव परत आणून देते. कोवळ्या फळांचं लोणचंही घालतात, आणि मला वाटतं वाघाटीला वर्षभराचं गिऱ्हाईक मिळवून द्यायचं असेल तर वाट याच लोणच्याची आहे. मारवाडातल्या बायकांनी केरीचं जे केलं, ते आपल्या बचत गटांना जमण्यासारखं आहे. फळ एका दिवसात विकण्याची घाई संपली की सगळी वेल एकदम ओरबाडण्याची घाईही कमी होईल.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. वाघाटी औषध म्हणून विकू नका. वर्षातून एकदा खाल्ली की अमुक रोग होत नाही, तमुक बरा होतो, असे संदेश आषाढात मोबाइलवर फिरतात. त्या दाव्यांना आधार नाही. वेलीच्या मुळांचा, पानांचा जुन्या वैद्यकात उपयोग सांगितला आहे, तो वैद्याच्या हाताने व्हावा. आपण तिचं मूळ खणायला लागलो तर आहेत त्या वेलीही जातील. ती अन्न आहे, सणाची भाजी आहे, आणि एवढा मान तिला पुरेसा आहे.

शेवटी ग्रामपंचायतीबद्दल. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावात कोणती झाडं, कोणत्या वेली, कोणतं पीक, कोणतं पाखरू, आणि त्यांच्याबद्दल लोकांना काय माहीत आहे, हे त्यात लिहायचं असतं. पुष्कळ गावांत ही वही घाईघाईने भरून कपाटात गेली आहे. इथं सरपंच, सदस्य बसले आहेत, शिक्षक बसले आहेत. माझी विनंती आहे की ती वही कपाटातून काढा. तिच्यात वाघाटी आहे का पाहा. नसेल तर गावातल्या दोन-चार म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन, शाळेतली मुलं बरोबर घेऊन, शिवारात हिंडा आणि कुणाच्या बांधावर किती वेली उभ्या आहेत ते लिहून काढा. माघ-फाल्गुनात हिंडलात तर फुलांमुळे वेल लांबूनही ओळखू येते, शोधायला सोपं जातं. कृषी खात्याचे रानभाजी महोत्सव ऑगस्टमध्ये भरतात. तिथं वाघाट्याची भाजी चाखायला ठेवता, तशी यापुढे वाघाटीची रोपंही ठेवा. आणि ज्या गावांतून दिंड्या जातात, त्या गावांनी मुक्कामाच्या माळावर, गायरानाच्या कडेला, देवळाच्या मागे या वेली लावाव्यात. पुण्याकडून येणाऱ्या दोन्ही मोठ्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. तिथं नवी झाडं लावताना शोभेच्या झुडपांबरोबर वारीच्या ताटातल्या वेलीलाही जागा मिळावी, असं निवेदन या सभेने द्यायला हरकत नाही.

बाकी कामाला सरकारची वाट पाहायला नको. ज्यांच्या बांधावर वेल आहे त्यांनी येत्या आषाढीला चार फळं तोडायची नाहीत आणि ती लाल झाली की शेजाऱ्याला बी द्यायचं. ज्यांच्याकडे वेल नाही त्यांनी ते मागून घ्यायचं. शाळेने पंचवीस पिशव्या भरायच्या. ज्यांना रोप हवं आहे त्यांनी सभा संपल्यावर दाराशी ठेवलेल्या वहीत आपलं आणि आपल्या शिवाराचं नाव लिहून जावं.